पुढच्याच्या फिन्समागे

सुट्टीत समुद्राखाली उतरायचं ते गाइडच्या मागून, गटात, की आपल्या जोडीदाराबरोबर आपापलं? डायव्हर मंडळींत हा वाद बारमाही चालतो आणि दर वेळी त्याच चिखलात रुततो. एक बाजू म्हणते, गाइडमागून जाणं म्हणजे मेंढरांचा कळप. खरा डायव्हर आपली वाट आपण काढतो. दुसरी म्हणते, परक्या पाण्यात शहाणपण पाजळू नका, गाइड घ्या आणि धडपणे घरी या. पहिल्यांनी हा मर्दुमकीचा प्रश्न करून ठेवलाय, दुसऱ्यांनी विम्याचा. मला दोन्ही बाजू सारख्याच उथळ वाटतात. गाइड पुढे असला काय, नसला काय, त्याने फारसं बिघडत नाही. खाली गेल्यावर निर्णय कोण घेतंय, यावर सगळं असतं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: जी डाइव्ह तुम्हाला गाइडशिवाय झेपली नसती, ती गाइडबरोबरही करू नका. गाइड जागा दाखवायला घ्यावा. आपली हवा, आपली खोली आणि आपली परतीची वेळ त्याच्या गळ्यात मारू नये.

वाटेत एक गैरसमज दूर करतो, कारण निम्मं भांडण त्यावरच होतं. स्वतंत्र म्हणजे एकटं नव्हे. एकट्याने डाइव्ह करणं हा वेगळा प्रकार आहे. त्याचं प्रशिक्षण वेगळं, आणि त्यासाठी हवेचा दुसरा, पूर्णपणे वेगळा साठा बरोबर न्यावा लागतो. मी बोलतोय ते दोघांबद्दल: ज्यांनी बोटीवर किंवा किनाऱ्यावर बसून कुठून उतरायचं, किती खोल, टाकीतला दाब किती बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) आला की वळायचं आणि एकमेकांना हुकलो तर काय करायचं हे आपसांत ठरवलंय, अशा दोघांबद्दल.

आता माझीच एक गोष्ट. सुट्टीतला तिसरा दिवस, आठ जणांचा गट, २६ मीटर खोली. गाइड प्रवाळाच्या खोबणीत टॉर्च मारून बोटाएवढी एक रंगीत समुद्री गोगलगाय दाखवत होता. एकेक जण पुढे सरकायचा, बघायचा, फोटो काढायचा, बाजूला व्हायचा. माझा नंबर यायला चार-पाच मिनिटं तरी लागली असतील. तेवढ्यात टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा गेज सहज पाहिला, तर काटा ७० बारवर. उतरण्याआधी सांगितलं होतं की १०० झाले की खूण करा आणि ५० उरतील तेव्हा बोटीवर असा. शंभरची खूण मी केली नव्हती. एक तर कुणीच केली नव्हती. दुसरं, गाइडची पाठ माझ्याकडे होती. आणि खरं कारण सांगायचं तर, गटात सगळ्यांत आधी हवा संपवणारा मी ठरू नये अशी इच्छा होती. लोक काय म्हणतील हा प्रश्न २६ मीटरवरही सुटत नाही! शेवटी सत्तरला खूण केली, गाइडने ओके केलं, आम्ही रमतगमत वर आलो. काहीही झालं नाही.

रात्री मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब शाळकरी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर दाब साधारण १ बार, आणि दर १० मीटरला आणखी १ बार. म्हणजे २६ मीटरवर ३.६ बार, आणि तिथे घेतलेला प्रत्येक श्वास टाकीतून ३.६ पट हवा ओढतो. (टाकीत हवाच असते, साधी दाबून भरलेली हवा. बातम्यांमध्ये सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ लिहितात. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर तो विषासारखा बाधू शकतो.) आता समजा, ७० बारला मी गेज पाहतोय त्याच क्षणी जोडीदाराची हवा बंद पडली. आता माझ्या एका टाकीवर दोघं, दोघंही घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरू. तिथल्या तिथे सावरायला एक मिनिट: ६० गुणिले ३.६, म्हणजे २१६ लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला सुमारे तीन मिनिटं, सरासरी दाब २.३: आणखी ४१४. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा: २७०. एकूण बरोबर ९०० लिटर. माझी टाकी १२ लिटरची, म्हणजे ९०० भागिले १२, ७५ बार लागणार. काट्यावर होते ७०.

पाच बारने काही आभाळ कोसळत नाही, प्रसंगी सुरक्षा-थांबा सोडून देता येतो, हे मला कबूल आहे. मला खुपलं ते निराळंच. तो हिशेब त्या आठ जणांपैकी एकानेही केला नव्हता. प्रत्येकाच्या खिशात डायव्हिंग शिकल्याचं कार्ड होतं, प्रत्येक जण ही बेरीज-गुणाकार शिकलेला होता, आणि प्रत्येकाने ती गाइडच्या भरवशावर सोडून दिली होती. ‘५० बारला बोटीवर’ हा आकडा बोटीच्या सोयीचा असतो. १० मीटरवर त्यात ऐसपैस सवड आहे. २६ मीटरवरून कधी निघायचं, हे तो सांगतच नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा. आणि हे माझं एकट्याचं भ्याडपण नव्हे. हौशी डायव्हर्सच्या ९४७ मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या घटनांत संकटाची सुरुवात कशाने झाली ते शोधता आलं, त्यांपैकी सुमारे ४१ टक्के घटनांत ती हवा कमी पडण्याने किंवा संपण्याने झाली होती. शार्क नाही, वादळ नाही. हाताशी लटकणारा, कधीही पाहता येण्याजोगा एक आकडा.

आता दुसऱ्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करतो. पहिली गोष्ट, जागेची माहिती. प्रवाळबेटांमधल्या खाड्यांत भरतीचं पाणी आत येताना स्वच्छ असतं, ओहोटीचं पाणी गढूळ असतं आणि माणसाला सरळ बाहेरच्या खोल समुद्राकडे ओढतं. तासाभराच्या फरकाने तीच जागा स्वर्ग किंवा सापळा होते. हे पुस्तकात कळत नाही, तिथे रोज उतरणाऱ्यालाच कळतं. गालापागोससारख्या ठिकाणी गाइडशिवाय उतरण्याची परवानगीच नाही, आणि तिथले प्रवाह पाहता त्या नियमाविरुद्ध गळा काढण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट, एकटा प्रवास करणारा जोडीदार आणणार कुठून? बोटीवर ऐनवेळी गळ्यात बांधलेला अनोळखी जोडीदार अनेकदा गाइडपेक्षाही भारी संकट ठरतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अडचणीचा वाटतो, कारण तो माझ्या सोयीचा अजिबात नाही. सेंट लुशिया बेटाच्या प्रवाळांवर डायव्हर्स कसे वागतात याचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की उतरण्यापूर्वी दिलेल्या छोट्या सूचनेचा लोकांच्या वागण्यावर परिणाम झाला नाही. पाण्याखाली गाइडने प्रत्यक्ष हस्तक्षेप केला, तेव्हाच प्रवाळाला होणारे धक्के ठळकपणे कमी झाले. म्हणजे आमच्यासारख्यांना मोकळं सोडलं तर प्रवाळ तुडवला जातो आणि डोक्यावर कुणी असलं तर वाचतो. स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्यांनी हे पचवल्याशिवाय पुढे बोलू नये. आणि त्यांच्यातल्या त्या हळकुंडी मंडळींनी तर मुळीच नाही, जे चाळीसएक डाइव्हवर पिवळे होऊन गाइडला ‘बेबीसिटर’ म्हणतात, होकायंत्र पाकिटातून न काढता पोहत सुटतात आणि बोटीपासून अर्ध्या किलोमीटरवर, हातात सिग्नलचा फुगा नसताना, वर येऊन शिट्ट्या मारत बसतात.

इतकं मान्य केल्यावर माझ्या म्हणण्यात उरलं काय? उरलं ते असं की, यातला एकही मुद्दा ‘निर्णय गाइडवर सोपवा’ असं सांगत नाही. प्रवाहाची माहिती ही माहिती आहे. ती बोटीवर विचारून घेता येते आणि बरोबर नेता येते. प्रवाळावर लाथ बसते ती पाण्यात अधांतरी तरंगणं जमत नाही म्हणून, आणि ज्याला तरंगणं जमत नाही तो गाइडसह किंवा गाइडविना प्रवाळाजवळ जायला तयारच नाही. मराठीत गाइडला एक नेमका शब्द आहे, वाटाड्या. वाटाड्याने वाट दाखवायची असते. पाय आपले आपणच उचलायचे असतात. सुट्टीतल्या डायव्हिंगमध्ये वाटाड्या हळूहळू कडेवर घेणारा झाला, आणि आपण त्याला सेवा म्हणू लागलो.

हे डोंगरावर आधी घडून गेलंय. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या वाटेवर १८२० साली तीन वाटाडे हिमलोटात गेले, आणि पुढच्याच वर्षी शामोनी गावात वाटाड्यांची संघटना उभी राहिली. तिचा एक नियम असा की गिऱ्हाइकाला वाटाडे पाळीने मिळायचे. आवडीनिवडीला वाव नाही. (सुट्टीतल्या बोटीवरही आज ज्याची पाळी तोच आपला गाइड, नाही का?) पुढे काही गिर्यारोहक वाटाड्यांशिवाय चढू लागले, तेव्हा त्यांच्यावर बेजबाबदारपणाचा शिक्का बसला. आल्प्समध्ये वाटाड्याविना चढायचं म्हणजे आत्महत्या, असंच बऱ्याच जाणत्यांचं मत होतं. पण त्या काळातला सगळ्यांत गाजलेला अपघात कोणाचा? १४ जुलै १८६५ला मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर करून परतणाऱ्या सात जणांचा. त्यांत तीन वाटाडे होते आणि त्यांच्यातला मिशेल क्रो हा त्या काळातल्या उत्तमांपैकी एक. गटात हॅडो नावाचा एकोणीस वर्षांचा, फारसा अनुभव नसलेला तरुण होता. क्रो त्याच्या पुढे, खालच्या बाजूला होता आणि, त्यातून वाचलेल्या व्हिम्पर या गिर्यारोहकाने नंतर सांगितल्याप्रमाणे, त्याचे पाय स्वतःच्या हातांनी धरून एकेका पायरीवर ठेवत होता. हॅडो घसरला तो क्रोवर आदळला, दोरीने आणखी दोघांना ओढलं, दोरी तुटली, चौघं गेले. सर्वोत्तम वाटाड्या बरोबर होता, म्हणून तर तो मुलगा तिथपर्यंत पोचू शकला. वाटाडे नसते तर तो पायथ्याशीच थांबला असता.

माझा खरा रोख इथे आहे. गाइड असल्यामुळे माणूस सुरक्षित होतो, हे अर्धंच खरं. गाइड असल्यामुळे माणूस एरवी गेला नसता अशा ठिकाणीही जातो. प्राथमिक कार्डावर सर्वसाधारणपणे १८ मीटरपर्यंतची शिकवण असते. पण वर्षातून एकदा पाण्यात उतरणारा, गेल्या सुट्टीपासून मास्कमध्ये पाणीसुद्धा न घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी ‘गाइड आहे ना’ म्हणून ३० मीटरच्या भिंतीवर लोंबकळताना दिसतो. हा माणूस कच्चा आहे, म्हणून त्याला गाइड हवा, असं म्हणतात. मी म्हणतो, हा कच्चा आहे, म्हणून त्याला सोपी डाइव्ह हवी. किनाऱ्यावरून चालत जाऊन आठ-दहा मीटरचा शांत प्रवाळ, ओळखीचा जोडीदार, तासभर निवांत. पण बोट तिथे जात नाही, कारण सुट्टीच्या फोटोत खोल निळी भिंत हवी असते आणि बोटीला सगळ्या जागा भरायच्या असतात. कोणाला दोष देत नाही. गिऱ्हाईक तेच मागतं. पण याला सुरक्षितता म्हणू नका.

शिवाय गटाचं स्वतःचं एक गणित असतं. अकबराने रात्री प्रत्येकाला हौदात एक लोटा दूध ओतायला सांगितलं आणि सकाळी हौदभर पाणी निघालं, ती बिरबलाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आठ जणांच्या गटात जोडीदार नावाची गोष्ट अशीच पाणी होते. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी बघत असेल. गाइड तर बघतोच आहे. गाइड बिचारा एका वेळी दोघांना बघू शकतो, आणि त्याची नजर बहुतेक वेळ पुढे, कासवाच्या शोधात असते, कारण कासव दिसलं नाही तर वर आल्यावर चेहरे पडतात. दोघांच्या जोडीत ही पळवाट नाही. मी नाही पाहिलं तर कुणीच पाहिलेलं नाही, हे उघड असतं. पाण्याखालच्या गुहांत जाणाऱ्यांचं पथक अगदी लहान असतं, आणि त्यांच्यात एक नियम पाळतात: कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो, आणि वर आल्यावर त्याला कारण विचारायचं नाही. सर्वांत धोकादायक डायव्हिंग करणाऱ्यांनी जो हक्क सर्वांत वर ठेवला, तोच सुट्टीतल्या सोप्या डाइव्हवर बजावायची लाज वाटते, कारण उरलेल्या सात जणांनी पैसे मोजलेले असतात.

‘मागे जाऊन जाऊनच माणूस शिकतो’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. शिकतो, पण काय? वर आल्यावर एखाद्याला विचारून पाहा: आपण उतरलो तिथून प्रवाळ कोणत्या हाताला होता? प्रवाह कुठून होता? वळलो कुठे? त्याला आठवतात ते पुढच्याचे पिवळे फिन्स, म्हणजे पायातले रबरी पंख. शंभर डाइव्ह झालेला आणि एकदाही स्वतः वळायचा निर्णय न घेतलेला माणूस मी पाहिलाय. उत्तम पोहतो, हवा जपून वापरतो, आणि गाइड क्षणभर दिसेनासा झाला की हातपाय गळतात. कुस्तो आणि गान्याँ या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली टाकीतली हवा श्वासागणिक पुरवणारा स्वयंचलित रेग्युलेटर घडवला तेव्हा मागे जायला कुणी नव्हतंच. पुढच्या दशकात क्लब आले, ब्रिटनमधला मोठा क्लब १९५३ चा, आणि तिथे हौशी लोकच एकमेकांना शिकवत, मोहिमा आखत. मग १९६०च्या दशकात सुट्टी आणि डायव्हिंगची सांगड बसली, काही दिवसांत कार्ड देणारे अभ्यासक्रम आले. त्या जुन्या शाळेसाठी मी उसासे टाकत नाही. तिथलं शिक्षण पलटणीतल्यासारखं होतं, आणि तसंच राहिलं असतं तर माझ्यासारख्यांनी समुद्राचा तळ कधी पाहिलाच नसता. पण अभ्यासक्रम लहान झाला तेव्हा जे गळालं, ते योजना करणं होतं, आणि ती पोकळी गाइडने भरली.

मधली वाट आहे, आणि ती कुणी नव्याने शोधायचीही गरज नाही. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाभोवतीचं सागरी उद्यान १९७९ पासून राखलेलं आहे. तिथे पाहुण्याने आधी नियम ऐकायचे आणि ओळखीची एक डाइव्ह करायची. त्यात वजन नीट बसलंय का, तरंगता येतंय का हे दिसून येतं. हातमोजे घालायला बंदी, म्हणजे प्रवाळ धरायचा मोह आपोआप कमी. त्यानंतर टाक्या गाडीत टाकायच्या आणि निघायचं. किनाऱ्याच्या रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, प्रत्येकावर जागेचं नाव. दगड दिसला की थांबायचं आणि जोडीने पाण्यात चालत जायचं. गाइड हवा असेल तर मिळतो. तिथला समुद्र शांत आहे म्हणून हे जमतं, असं कुणी म्हणेल. अगदी बरोबर. शांत समुद्रात आपापलं, खवळलेल्या समुद्रात गाइडसह आणि तयारीनिशी, असंच तर मी म्हणतोय. हल्ली उलटं चालतं: सोप्या जागी गाइड कंटाळवाणा वाटतो, म्हणून त्याला अवघड जागी घेऊन जातात.

आणि गाइड असो वा नसो, वर आल्यावरची जबाबदारी सुटत नाही. १९९८च्या जानेवारीत ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्यात असतानाच बोट निघून गेली. माणसं मोजण्यात चूक झाली होती, आणि ते हरवल्याचं लक्षात यायला दोन दिवस लागले. ते परत मिळाले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलंडमध्ये माणसं मोजण्याचे नियम कडक झाले, ते योग्यच झालं. पण तेव्हापासून फुगा, शिट्टी आणि छोटा आरसा मी खिशातून काढत नाही, मग बोटीवर कितीही वेळा मोजू देत.

गेल्या सुट्टीत आम्ही दोघं अशाच एका उथळ प्रवाळावर होतो. पाटीवर पेन्सिलने लिहिलेलं: १४ मीटर, १२० ला वळायचं, परत जाताना प्रवाळ उजव्या हाताला. वाळूच्या पट्ट्यावर गुडघाभर उंचीवर तरंगत आम्ही वळायच्या बेतात असताना शेजारून एक गट गेला. पुढे गाइड, मागे सहा जण, ओळीत. शेवटच्या बाईंचा गेज क्लिपमधून सुटला होता आणि होजच्या टोकाला वाळूवरून फरफटत, मागे धुरळ्याची रेघ ओढत चालला होता. माझा जोडीदार पोहत गेला, त्याने तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि काचेवर बोट ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे बघून हसल्यासारखं केलं, ओकेची खूण केली, गेज तसाच सोडला आणि पुढच्याचे फिन्स दिसेनासे व्हायच्या आत घाईने पाय मारत निघून गेल्या.